लंगड्या कोकाटीलचा चांगला पाय कसा वाचवायचा?

फुलेवाडीच्या एका ताईंनी विचारलंय: आमच्या कोकाटीलचा (डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाचा) डावा पाय पिल्लू असल्यापासून बाहेरच्या बाजूला फाकलेला आहे. तीन वर्षं तो उजव्या पायावरच तोल सांभाळतोय. महिन्याभरापासून उजव्या पायाचा तळवा लाल आणि चकचकीत दिसतोय, जखम नाही, पण हल्ली तो बराच वेळ पिंजऱ्याच्या तळाशी बसतो. दुकानदारानं एक मलम दिलंय, सासूबाई हळद-खोबरेल लावा म्हणतात, आणि एकानं तर अधू पाय कापूनच टाका असं सांगितलं. नेमकं काय लावू?

ताई, लावायचं काय ते नंतर बघू. मी कोल्हापुरात पशुवैद्य म्हणून कुत्री, मांजरं, म्हशी सगळंच बघतो, पण अलीकडे पिंजऱ्यातले पक्षी आणि पेठांमधल्या शौकिनांची कबुतरंही बरीच येतात. अधू पक्षी घेऊन येणाऱ्या माणसाचं लक्ष हमखास अधू पायाकडे असतं. तुमच्या पक्ष्याचा डावा पाय वाकडा आहे, पण आजारी नाही. त्याची पक्ष्याला सवय होऊन गेली आहे. आजारी पडतोय तो उजवा, आणि दोन पायांचं काम एकट्यानं ओढून पडतोय.

धडधाकट पक्षी विसावताना कधी बघा. एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो, थोड्या वेळानं तो खाली टेकवतो आणि दुसरा वर घेतो. पाळीपाळीनं मिळणाऱ्या ह्या विश्रांतीत दबलेल्या तळव्याला परत रक्त मिळतं. तुमच्याकडे उजव्या पायाला ही पाळी कधी मिळतच नाही. कोकाटीलचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. ते सगळं दिवसरात्र एका तळव्यावर, आणि दांडी सगळीकडे एकाच जाडीची असेल तर तळव्याच्या त्याच एका जागेवर. तिथलं रक्त कमी होतं, कातडी पातळ होते, मग भेग पडते, आणि भेगेतून जंतू आत शिरतात. हे जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात, म्हणजे आपल्या हातावर आणि पिंजऱ्यावर एरवीही असणारेच. ह्या आजाराला बम्बलफूट म्हणतात. कोंबड्या, कबुतरं, पोपट, ससाणे, कुणालाही होतो. कारण वजन आहे, आणि वजन कुठल्याच ट्यूबनं उतरत नाही.

आता, मी पक्षी पाहिलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी 'असेल तर' ह्या भाषेतच बोलाव्या लागतील.

पहिली गोष्ट, पाय खरोखर लहानपणापासूनच अधू आहे ना? तुम्ही तसं म्हणताय म्हणून मी पुढचं सगळं त्यावर बेतलंय. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा चांगला चालता-फिरता पक्षी अचानक एका पायानं लंगडायला लागला असेल, तर त्यानं ह्या उत्तरावर वेळ घालवू नये. पक्ष्यांच्या पायाची मुख्य नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतू) मूत्रपिंडाला चिकटून, त्याच्यामधूनच जाते. बजरीगरमध्ये, म्हणजे त्या चिमुकल्या रंगीत पोपटांत, मूत्रपिंडाची किंवा अंडाशय-वृषणाची गाठ त्या नसेवर दाबली की बाहेरून दिसतो फक्त लंगडा पाय. मादी असेल तर अंडं अडकल्यानंही पाय लुळे पडतात, आणि ते काही तासांचं प्रकरण असतं. तेव्हा नवीन लंगडणं म्हणजे थेट डॉक्टर.

दुसरी गोष्ट, ते खरंच बम्बलफूट आहे का? सांध्यांवर कातडीखाली पांढरट, टणक गाठी दिसत असतील तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो. यूरिक ॲसिड साठतं आणि मूळ दुखणं मूत्रपिंडात असतं. त्या गाठी पू समजून कधीही फोडू नका, रक्त थांबता थांबत नाही. पायावर आणि चोचीच्या मुळाशी पांढरे, खरखरीत, सच्छिद्र थर चढले असतील तर ती गोचिडासारख्या अतिसूक्ष्म किड्यांची खरूज. बजरीगरला जास्त होते, औषधानं चांगली बरी होते.

तिसरी गोष्ट, पायरी कुठली. निरोगी तळवा गुळगुळीत नसतो. फणसाच्या सालीसारखे बारीक उंचवटे त्यावर दाटीनं असतात. दाब वाढला की आधी हे उंचवटे सपाट होतात आणि कातडी ताणल्यासारखी, गुलाबी-लाल चमकते. तुमच्या वर्णनावरून तुम्ही इथे आहात. ह्याच्या पुढे मधोमध तपकिरी किंवा काळी खपली धरते आणि भोवती सूज येते. त्याच्याही पुढे जंतू कंडरांत आणि हाडात उतरतात. पहिल्या पायरीवर औषध क्वचितच लागतं. दुसरीवर डॉक्टर लागतोच. तिसरीवर आम्हीही हात टेकतो, आणि तुमच्या पक्ष्याकडे राखीव पाय नाही.

पायरी ओळखायला पक्ष्याला उलटा धरायची गरज नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचा स्वच्छ डबा घ्या, पक्ष्याला त्यात उभा करा, एकानं डबा खिडकीजवळ उचलून धरावा आणि दुसऱ्यानं खालून मोबाइलनं फोटो काढावा. फोटो मोठा करून बघा: उंचवटे दिसतात का, लाल डाग कुठल्या बोटाच्या मुळाशी आहे, मध्ये काळा ठिपका आहे का. दर आठवड्याला त्याच खिडकीत, त्याच वेळेला एक फोटो. रोज बघणाऱ्या माणसाला फरक कळत नाही, फोटोंत कळतो.

आता भार कसा उतरवायचा, ते सावकाश सांगतो.

तुमचा पक्षी तळाशी जाऊन बसतोय, त्याचा एक अर्थ असा की त्याला सपाट जागा हवी आहे. (अंग फुलवून, डोळे मिटून, खाणं सोडून बसत असेल तर अर्थ वेगळा, मग पायाचं राहू द्या आणि पक्षी दाखवा.) दांडीवर बोटं वळवून बसताना सगळा भार तळव्याच्या मध्यावर येतो. सपाट फळीवर तोच भार बोटांवर, तळव्यावर आणि थोडा पोटावरही वाटला जातो, कारण पक्षी तिथे चक्क बसू शकतो. म्हणून अधू पक्ष्याच्या पिंजऱ्यात दांडीपेक्षा फळी महत्त्वाची. सहा बाय आठ इंचांची, रंग किंवा पॉलिश न लावलेली प्लायची फळी कुठल्याही सुताराकडे उरलेल्या तुकड्यांत मिळते. तिच्या कडा घासून घ्या. ती त्याच्या लाडक्या जागेच्या उंचीवर, दाण्याच्या वाटीला लागून बसवा. आणखी एक झोपायच्या कोपऱ्यात. कोकाटील झोपतो सगळ्यात उंच जागी, तेव्हा पिंजऱ्यातली सगळ्यात उंच जागा फळीचीच असली पाहिजे. नाहीतर फळी दिवसा वापरेल आणि रात्रभर दांडीवर उभा राहील, म्हणजे अर्धं काम फुकट.

फळीवर काय घालायचं ह्यात लोक फसतात. टर्किश टॉवेल घालू नका. त्याच्या फासांत नखं अडकतात, आणि एका पायाच्या पक्ष्याचं नख अडकलं की तो स्वतःला सोडवू शकत नाही. जुन्या होजिअरी बनियनचं किंवा फ्लीसचं कापड चांगलं. ते ताणून खालच्या बाजूला पक्कं करा. कडेचे सुटे धागे रोज बघून कापा. बोटाभोवती गुंडाळलेला एक धागा काय करतो हे कबुतरवाल्यांना विचारा: बोट आधी सुजतं, मग निळं पडतं, मग वाळून गळून जातं. सुतळी आणि पोत्याचं तरट तर पिंजऱ्याच्या आसपासही नको.

कापडाचे तीन-चार संच करा आणि रोज बदला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे दोरीवर कपडे वाळत नाहीत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ओलसर कापड म्हणजे बुरशी, आणि ओलसर तळवा म्हणजे मऊ पडलेली कातडी, तिला भेग लवकर जाते. पावसाळ्यात कापडाला इस्त्री फिरवून घाला. कापड सांभाळणं जमणार नसेल तर फळीला स्वतःलाच चिकटणारी क्रेप पट्टी गुंडाळा. आम्ही तिला व्हेट रॅप म्हणतो. घाण झाली की उलगडून टाकून द्यायची.

दांड्या पूर्ण काढू नका. पकडीचा व्यायाम राहिला पाहिजे, नाहीतर बोटांचे सांधे आखडतात. पण दुकानातून पिंजऱ्यासोबत आलेली गुळगुळीत प्लॅस्टिकची किंवा एकसारखी गोल लाकडी दांडी आजच काढा. मंगळवार पेठेतल्या एका घरचा पक्षी आठवतो. त्याच्या तळव्यावर लाल डागाऐवजी एक सरळ, उभी रेघ होती. घरच्यांना वाटलं कशानं तरी कापलं. त्यांच्या प्लॅस्टिकच्या दांडीवरून बोट फिरवलं तर साच्याची जोडरेषा लागली, बारीक, धारदार, बरोब्बर तिथेच. ती दांडी गेली आणि रेघही गेली.

तिच्याजागी पेरूची फांदी लावा. पेरू टिकाऊ, सालीला पकड असते, फांदी मूळची वेडीवाकडी आणि कमी-जास्त जाड असते, त्यामुळे पक्षी सरकला की दाबाची जागाही बदलते. जाडी साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर. बोटं फांदीभोवती दोन तृतीयांश ते पाऊण गुंडाळली गेली पाहिजेत, पुढची आणि मागची नखं एकमेकांना टेकता कामा नयेत. टेकली तर फांदी बारीक आहे आणि सगळा भार तळव्याच्या मध्यावर येणार. औषध फवारलेल्या बागेतली फांदी नको. घासून धुऊन, कडक उन्हात चांगली वाळवून वापरा. कण्हेर, रुई ह्यांच्या फांद्या अजिबात नकोत, विषारी आहेत. आणि ऊस लावू नका. हसू नका, कोल्हापूर आहे, हेही पाहिलंय. गुळगुळीत असतो, रस गळतो, मुंग्या लागतात.

वाळूचा कागद लावलेल्या दांड्या 'नखं आपोआप झिजतात' म्हणून विकल्या जातात. नखं फारशी झिजत नाहीत, तळवा झिजतो. सिमेंटच्या खरखरीत दांडीचंही तेच. दोन पायांच्या पक्ष्याला एखादी चालून जाईल, तुमच्याकडे नको.

पिंजरा उंच असण्यापेक्षा आडवा, बुटका असावा. असा पक्षी पडतो. कोकाटीलला तर रात्री अंधारात दचकून फडफडायची खोडच असते. झोपायच्या खोलीत बारीक दिवा राहू द्या. तळाची लोखंडी जाळी काढून टाका, खाली घडी घातलेलं कापड आणि त्यावर वर्तमानपत्र. अशा पक्ष्यांचा अधू पाय पुष्कळदा घोट्यावर टेकतो, आणि जाळीवर बसून बसून त्या घोट्यालाही घट्टा पडतो. तोही फोटोत बघत चला. आणि एका पायाचा पक्षी चोचीचा तिसऱ्या पायासारखा वापर करतो, गजाला धरून धरून चढतो. म्हणून गज गंजलेले नकोत. जस्ताचा मुलामा दिलेला स्वस्त पिंजरा असेल तर मुलाम्याचे कण पोटात जाऊन विषबाधा होते. निदान तो व्हिनेगर आणि ब्रशनं घासून, धुऊन घ्या. जमलं तर बदलाच.

भार उतरवायचा दुसरा मार्ग पक्ष्याचं वजन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या, गुजरीतल्या सोनाराच्या काट्याइतका बारीक नको. सकाळी दाणे घालायच्या आधी, हलक्या डब्यात बसवून वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. छातीचं मधलं हाड बोटाला लागतं का बघा. ते दोन्ही बाजूंच्या मांसात बुडून गेलं असेल तर पक्षी जाड आहे. एका पायाच्या पक्ष्याला दहा-पंधरा ग्रॅम जास्तीचे म्हणजे फार झाले. ह्या जाडीचं कारण बहुतेक घरांत सूर्यफुलाच्या बिया असतात. पक्षी त्याच आधी निवडून खातो आणि आपल्याला वाटतं किती आवडीनं खातोय.

नुसत्या राळ्या-बाजरीवर आणि सूर्यफुलावर वाढलेल्या पक्ष्यात आणखी एक उणीव असते. दाण्यांत जीवनसत्त्व अ जवळजवळ नसतंच, आणि कातडीचा वरचा थर धड राहायला तेच लागतं. ते कमी पडलं की तळव्याची कातडी कोरडी होते, सोलते, आणि दाब सोसत नाही. म्हणून दोन पक्षी एकाच दांडीवर बसतात, एकाचा तळवा बिघडतो आणि दुसऱ्याचा नाही. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर, उकडलेला लाल भोपळा, रताळं, ह्यातलं काहीतरी रोज हवं. शिवाय आपली लाल मिरची आहेच. तिखटाची जाणीव करून देणारा पदार्थ पक्ष्यांच्या नसांना लागतच नाही, त्यामुळे जी मिरची खाऊन आपल्या कानातून धूर निघतो ती कोकाटील निवांत कुरतडतो. लाल मिरचीत अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर असतो. एक धुतलेली मिरची पिंजऱ्याला अडकवून ठेवा, मजा बघा. नंतर त्याची चोच डोळ्याजवळ येऊ देऊ नका एवढंच.

बदल मात्र हळूहळू. कोकाटील हट्टी असतो, ओळखीचं दिसलं नाही तर उपाशी राहील पण नवीन खाणार नाही. दाणे एकदम बंद करू नका, आणि ह्या काळात वजन रोज करा. ९० ग्रॅमचा पक्षी ८१ वर आला तर थांबा आणि दाखवा. पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब मला पटत नाहीत. जीवनसत्त्व पाण्यात लवकर खराब होतं, चव बदलली म्हणून पक्षी पाणी कमी पितो, आणि वाटीत जंतू वाढतात ते वेगळंच. जीवनसत्त्व अ औषधाच्या रूपात जास्त झालं तर बाधतंही. भाजीतून तसं होत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, लावायचं काय.

तळवा नुसता लाल आणि अखंड असेल तर कोमट मिठाचं पाणी. अर्धा लिटर उकळून निवलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ. मनगटावर थेंब टाकून बघा, गरम लागता कामा नये. पसरट बशीत बोटं बुडतील इतकंच पाणी घ्या आणि पक्ष्याला त्यात पाच-सात मिनिटं उभं राहू द्या, दिवसातून दोनदा. पाण्याला घाबरला तर ओला कापूस तळव्याला लावून धरा. मग मऊ कापडानं टिपून पूर्ण कोरडं करा, बोटांच्या बेचक्यांतही. धरताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच ते श्वास घेतात. छाती आवळली की जीव गुदमरतो. पातळ कापडात गुंडाळून, अंगठा आणि तर्जनीनं मान दोन्ही बाजूंनी हलकेच सांभाळायची, छातीवर बोटं नकोत. एकानं धरावं, दुसऱ्यानं पाय बघावा.

दुकानदारानं दिलेल्या मलमाच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, डेक्सामेथासोन असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. खाज-खरूज-गजकर्ण सगळ्यावर एकच म्हणून जी मलमं खपतात त्यांत ते बहुधा असतंच. एवढ्याशा जिवात ते कातडीतून भराभर शोषलं जातं आणि जंतूंशी लढायची ताकदच मारतं. लाली दोन दिवसांत जाते, घरचे खूश होतात, आणि आत जंतूंना रान मोकळं. सुन्न करणारी मलमंही नकोत. सासूबाईंच्या हळदीशी माझं भांडण नाही, खोबरेलाशी आहे. तेल तळव्यावर राहत नाही, पोटाच्या पिसांना लागतं. तेलकट पिसांत ऊब धरत नाही, त्यांना धूळ चिकटते, आणि पिसं साफ करताना ते सगळं पोटात जातं. खपली पडलीच, तर डॉक्टर बघून पाण्यात विरघळणारं, सिल्व्हर सल्फाडायझीनसारखं क्रीम देतील. तेही अगदी पातळ थर.

घरातली दुखण्याची गोळी चुरून देऊ नका. डायक्लोफिनॅकनं आपल्या देशातली गिधाडं कशी संपत आली ते तुम्ही वाचलं असेल. हे औषध दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि २००६ साली जनावरांसाठी ते बंद करावं लागलं. पक्ष्यांना वेदनेसाठी आम्ही बहुधा मेलॉक्सिकॅम वापरतो, ग्रॅममध्ये वजन करून, थेंबाच्या हिशोबानं. उरलेलं अँटिबायोटिकही नको.

खपली दिसली तर नखानं काढू नका, आणि सूज दाबून पू काढायचा प्रयत्न तर करूच नका. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा वाहता नसतो. त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारं रसायन कमी असतं, म्हणून तो घट्ट, कोरडा गोळा होऊन आत बसतो. दाबल्यानं बाहेर येत नाही, खोल जातो.

नखांचं थोडं सांगायचं राहिलं. अधू पायाची नखं झिजत नाहीत. ती वळून कापडात अडकतात किंवा त्याच्याच अंगाला टोचतात. दर काही आठवड्यांनी टोक तेवढं घासा किंवा कापा. नखाच्या आतली रक्ताची रेघ उजेडात धरल्यावर दिसते, तिच्या बरंच अलीकडे थांबा. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉर दाबून धरा. ९० ग्रॅमच्या पक्ष्यात सगळं मिळून रक्त साधारण ९ मिली, त्यामुळे काही थेंबही आपल्याला वाटतात त्याहून मोठे. चांगल्या पायाच्या नखांना मात्र मी फार हात लावत नाही. टोकं बोथट केली तर पकड सुटते आणि पक्षी पडतो.

आणि एक गोष्ट पायाची असूनही डोक्यावर दिसते. पक्षी डोकं खाजवतो पायानं. तुमचा पक्षी उजव्यावर उभा, डावा वर पोचत नाही. मग पिसं झडून नवीन येताना डोक्यावर, कानाजवळ पांढऱ्या आवरणातले कोंब तसेच राहतात आणि त्याला खाज येते. माणसाळलेला असेल तर डोकं खाली घालून तुमच्यासमोर येईल. पूर्ण वाळलेली आवरणं दोन बोटांत हलकेच चोळा, भुगा होऊन पडतात. ज्या कोंबाच्या मुळाशी निळसर-काळं दिसतं त्यात अजून रक्त असतं, त्याला हात नको, दुखतं.

पाय कापण्याबद्दल. हा सल्ला देणाऱ्याला बहुतेक लटकणारा पाय डोळ्यांना बरा दिसत नसावा. मी आधी एवढंच बघतो, तो पाय काही करतो का? फाकलेला का असेना, पण फळीवर टेकत असेल, वळताना तोल सावरायला उपयोगी पडत असेल, तर तो उजव्याचा थोडा का होईना भार घेतोय. तो काढला की तेवढाही भार उजव्यावर येणार. हां, पाय पूर्ण निर्जीव असेल, सतत अडकून रक्त निघत असेल, किंवा पक्षी स्वतःच तो कुरतडत असेल, तर गोष्ट वेगळी. कोकाटीलएवढे हलके पक्षी एका पायावर चांगले निभावतात, मोठ्या वजनदार पोपटांना ते जड जातं. पण तेव्हाही आधी उजवा तळवा बरा, मग शस्त्रक्रिया. सुजलेल्या पायावर उभं राहून कुठला पक्षी दुसऱ्या पायाच्या ऑपरेशनातून सावरणार?

फाकलेला पाय सरळ करता येतो का, हेही कुणीतरी विचारेलच. पिल्लाचा येतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हाडं मऊ असताना दोन्ही पाय योग्य अंतरावर मऊ पट्टीनं बांधून ठेवले की बरेच पाय जागेवर येतात, पण हे कुणाकडून तरी शिकून करा. तीन वर्षांच्या पक्ष्यात ती वेळ केव्हाच गेली. ज्यांच्याकडे जोडी अंड्यांवर आहे त्यांनी घरट्याच्या डब्यात नुसती गुळगुळीत फळी ठेवू नये, सुताराच्या रंध्याखालचे लाकडाचे पापुद्रे जाडसर पसरावेत. घसरड्या तळावरच पिल्लांचे पाय फाकतात. मादीला कॅल्शियमही पुरेसं हवं.

म्हणजे तुमच्यासाठी ह्या आठवड्यात: फळ्या, पेरूची फांदी, मिठाचं पाणी, हिरवा पाला, वजन आणि एक फोटो. ट्यूब बाजूला. दोन आठवड्यांच्या फोटोंत लाली कमी होताना दिसली तर वाट बरोबर आहे, हेच चालू ठेवा. कायमचं ठेवा, कारण पाय एकच आहे. फरक नसेल तर दाखवा. आणि काळा ठिपका, सूज, हाताला जाणवणारी उष्णता, पाय टेकवायलाच नकार, किंवा खाणं कमी, ह्यातलं काहीही दिसलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी न्या.

हे उत्तर कोकाटील, बजरीगर, आफ्रिकन लव्हबर्ड अशा पाळायला परवानगी असलेल्या पक्ष्यांसाठी आहे. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट घरात पाळायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे बंदी आहे. जखमी पोपट सापडला तर वनविभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवा, घरी पिंजऱ्यात उपचार करत बसू नका.

कुठे न्यायचं, तर आधी फोन करून एकच विचारा: तुम्ही पक्षी नियमित बघता का, आणि लागली तर वायूची भूल देण्याची सोय आहे का? खपलीखालचा गोळा काढायला भूल लागतेच. जवळ सोय नसेल तर पुण्याला चौकशी करा, किंवा हायवेवरच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही निघण्याआधी फोन करून विचारा. नेताना पिंजरा नेऊ नका, गाडीत दांडी झुलते आणि एकट्या पायावर त्याचा तोल जातो. हवेची भोकं पाडलेला छोटा खोका, तळाला होजिअरीचं कापड, वर पातळ ओढणी. सोबत ती मलमाची ट्यूब, तुमचे फोटो, आणि तो सगळ्यात जास्त ज्या दांडीवर बसायचा ती दांडी काढून घ्या. टाकली असेल तर कचऱ्यातून शोधून आणा.